‘मेल्या’ची माया आणि ‘घाटी’चा डंख

१/३०
ओसाका शहरात कुणी कुणाला ‘आहो’ म्हणाले, तर त्याचा अर्थ ‘मूर्खा’ असा होतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायका याच ध्वनीने नवऱ्याला आदराने हाक मारत आल्या. दोन भाषांचा परस्परांशी संबंध नाही, हा निव्वळ योगायोग आहे. पण त्यातून एक प्रश्न उभा राहतो. अपमान शब्दात असतो, की शब्दाच्या बाहेर कुठे तरी? आजचा थ्रेड शिव्यांविषयी आहे. उदाहरणादाखल काही ग्राम्य शब्द येतील, त्यास इलाज नाही.

२/३०
आधी जपानचे थोडे. तिथे मूर्खाला म्हणायचे दोन शब्द सर्वांच्या तोंडी आहेत : ‘बाका’ आणि ‘आहो’. टोकियोच्या बाजूला ‘बाका’ सौम्य समजला जातो. मैत्रीण मैत्रिणीला हसत हसत म्हणते. ‘आहो’ मात्र तिथे झोंबतो. ओसाका-क्योटोच्या बाजूला नेमके याच्या उलट : ‘आहो’त जिव्हाळा आणि ‘बाका’ जिव्हारी लागणारा.

३/३०
१९९० मध्ये ओसाकातील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाकडे एका प्रेक्षकाने विचारणा केली. नवरा ओसाकाचा, बायको टोकियोची. भांडताना तो ‘आहो’ म्हणे, ती ‘बाका’ म्हणे. या दोन शब्दांची सीमा नेमकी कुठे आहे? कार्यक्रमाचे निर्माते मात्सुमोतो ओसामु यांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. देशभरच्या स्थानिक शिक्षण मंडळांना प्रश्नावली पाठवली, उत्तरे नकाशावर मांडली आणि १९९३ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिले.

४/३०
नकाशावर दोनच शब्द नव्हते. नागोयाकडे तिसराच ‘तावाके’ निघाला, आणि पुढे अनेक. हे शब्द जुन्या राजधानीभोवती, म्हणजे क्योटोभोवती, पाण्यावरच्या तरंगांसारखे पसरलेले दिसले. जुना शब्द दूरच्या कडेला, नवा केंद्राजवळ. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी गोगलगायीच्या नावांवरून हीच कल्पना आधी मांडली होती. एका जोडप्याच्या भांडणातून भाषेचा इतिहास हाती आला.

५/३०
मराठीतही असे भांडण होते. त्यासाठी फार दूर जावे लागत नाही, मुंबईच्या उपनगरातील एखादी इमारत पुरे. मुलुंडला आमच्या सोसायटीत काही वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग सांगतो. त्या वेळी मी मानद सचिव होतो. सभेचे इतिवृत्त माझ्याच हातचे आहे, म्हणून त्यातील चूकही माझीच.

६/३०
पाचवीतला एक मुलगा कुंपणाच्या भिंतीवर चढला होता. तळमजल्यावरच्या मालवणी आजी ओरडल्या : “मेल्या, उतर खाली! पडलंस तर हाडां मोडतली!” मुलाचे वडील नागपूरचे. ‘माझ्या जिवंत लेकराला मेला म्हटले’ म्हणून त्यांनी लेखी तक्रार दिली. आजींच्या मुलाने सभेत उलट तक्रार मांडली : हे गृहस्थ मला जिन्यात रोज ‘काय बे’ म्हणतात, तो अपमान नव्हे काय?

७/३०
दोघेही खरे बोलत होते. नागपुरात ‘का बे, कुठं चालला?’ ही मित्राला घातलेली साद असते. कोकणातून आलेल्याला तोच ‘बे’ गल्लीतल्या दमदाटीसारखा ऐकू येतो. ‘मेल्या’ मालवणात उठता-बसता येतो, आणि वऱ्हाडी कानाला त्यात स्मशान दिसते. ओसाकाचा नवरा आणि टोकियोची बायको आमच्या सभेत समोरासमोर बसली होती.

८/३०
शेवटी सलोखा करताना एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “आपण सुशिक्षित माणसं. असं बोलायला आपण काय भय्ये आहोत?” सगळे हसले. मालवणी हसले, नागपूरकर हसले, मीही हसलो. सभेसाठी खुर्च्या लावून चहाची किटली हातात घेतलेले, उत्तर प्रदेशातून आलेले आमचे पहारेकरी दारातच उभे होते. ते हसले नाहीत. त्यांनी पेले भरले.

९/३०
इतिवृत्तात मी लिहिले : ‘सभासदांनी असभ्य शब्द वापरू नयेत असे सर्वानुमते ठरले.’ म्हणजे आजींचा ‘मेल्या’ बंद. ज्येष्ठांच्या वाक्याची नोंद नाही, कारण त्यात असभ्य शब्दच नव्हता. ती सूचना फलकावर चिकटवण्याचे काम अर्थातच पहारेकऱ्यांकडे गेले. त्या दिवसापासून मला वाटत आले आहे की शिव्यांची झाडलोट आपण उलट्या बाजूने करतो आहोत. त्याची कारणे इतिहासात शोधू.

१०/३०
प्रथम ‘मेल्या’. हा शब्द किती जुना? तेराव्या शतकात वऱ्हाडातील रिद्धपूर येथे महानुभावांचे गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राउळ, होऊन गेले. त्यांच्या आठवणींचे चरित्र हे मराठीतील अगदी आरंभीच्या गद्यापैकी एक. त्यात हे अवलिये संत समोरच्याला मरणाचा उच्चार करून वारंवार हटकतात, आणि भक्त ते प्रसादासारखे झेलतात. ज्या रिद्धपुरात आज मराठी भाषा विद्यापीठ आहे, तिथल्याच मातीत मायेची शिवी सातशे वर्षांपूर्वी नांदत होती. वऱ्हाडी कानाला ती पुढे परकी झाली.

११/३०
मरणाचा शब्द मायेने का वापरावा? ज्या घरांत निम्मी मुले जगतील की नाही याची शाश्वती नसे, त्या घरांचा विचार करा. मूल जगावे म्हणून त्याचे नाव दगडू, धोंडू, भिकू, कचरू, केरू असे ठेवण्याची चाल महाराष्ट्रभर होती. हेतू असा की मृत्यूला वाटावे, हे फेकून दिलेले आहे, याला कशाला न्या. ‘मेल्या’ ही मला त्याच कुळातली हाक वाटते. तोंडाने मरण म्हणायचे आणि हाताने ओढून भिंतीवरून उतरवायचे.

१२/३०
शिव्यांत साथींचाही इतिहास जपला गेला आहे. पटकी, म्हणजे कॉलरा. मालवणीत ती ‘फटकी’ होते आणि ‘फटकी इली तुका’ अशी बोटे मोडली जातात. देशावरच्या ‘मुडदा बशिवला तुझा’ या उद्गाराचा संबंध मृताला बसवून दफन करण्याच्या लिंगायत रीतीशी जोडला जातो. ‘शिरा पडो तुझ्या तोंडार’ यातला शिरा रव्याचा नव्हे, हे मात्र मुंबईकराला अजून समजावून सांगावे लागते.

१३/३०
मालवणी शिवीला प्रतिष्ठा दिली ती रंगभूमीने. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगमंचावर आले. मच्छिंद्र कांबळी यांनी ते हजारो प्रयोगांपर्यंत नेले आणि पु. ल. देशपांडे यांनी त्याचे तोंड भरून कौतुक केले. पांढरपेशा प्रेक्षकाने घरी जी भाषा मुलांना बोलू दिली नसती, तिच्यासाठी तो रांग लावून तिकीट काढू लागला. गिरणीच्या चाळीत लाजून दडवलेली बोली नाट्यगृहात ताठ मानेने उभी राहिली.

१४/३०
घाट चढून कोल्हापुरास जा. तिथे दोन वर्षांनी भेटलेला मित्र ‘काय रं रांडच्या, हाईस कुठं?’ म्हणतो आणि मिठी मारतो. साताऱ्या-सांगलीकडे ‘सुक्काळीच्या’ ऐकू येतो. हा शब्द आला नाही तर ‘रागावलाय काय?’ असे विचारण्याची पाळी येते. त्याच मित्राने एकाएकी ‘आपण बसावे’ म्हटले, तर समजावे, मैत्री संपली. शिवी नसणे हाच तिथे अपमान होऊ शकतो.

१५/३०
मूर्खाला म्हणायचे शब्दही जपानसारखेच विखुरलेले आहेत. पुण्यात ‘बावळट’, कोल्हापुरात आणि कोकणात ‘खुळा’, विदर्भात ‘बैताड’ आणि ‘बह्याड’. खुद्द साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या उपनगरांच्या मूळ भूमीत, आगरी-कोळी बोलींत ‘ड’चा ‘र’ होतो आणि वेडा ‘येरा’ ठरतो. आपल्या उपनगरांचा हा सर्वांत जुना मूर्ख, आणि नेमका त्याचाच पत्ता आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

१६/३०
शिवाय मराठीत अपमानाला शिवी लागतेच असे नाही. ‘तो एकेरीवर आला’ एवढे म्हटले की भांडणाची पातळी कळते. पेशवाईतील पत्रव्यवहारात ‘श्रीमंत’, ‘राजश्री’, ‘वेदशास्त्रसंपन्न’ असे मायने माणसाच्या पदाप्रमाणे ठरलेले असत. पायरी चुकलेला मायना हाच अवमान. जपानीत तर ‘किसामा’ हे एके काळचे आदरार्थी संबोधन घसरत घसरत शिवी झाले. आपल्या ‘शहाणा’ या शब्दाची वाटचाल फार वेगळी नाही.

१७/३०
नावापुढचा ‘या’ प्रत्ययही असाच दुधारी. पक्या, बाळ्या, गण्या हे मित्रामित्रांत गोड. पण गावगाड्यात वरच्या वाड्याला ‘राव’ आणि ‘पंत’ लागत, आणि वेशीबाहेरच्या वयस्क माणसाच्या वाट्याला मालकाच्या पोरासोरांच्या तोंडून तोच ‘या’ येई. त्याला उलट ‘या’ लावण्याची मुभा नव्हती. प्रत्यय तोच, पण परत करण्याचा हक्क नाही. माझ्या मते सगळे मर्म इथे आहे.

१८/३०
परतफेडीचा हक्क जिथे पुरता जपला जातो, असा एक उत्सवच आपल्याकडे आहे. सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात, सुखेड आणि बोरी ही दोन गावे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करून परस्परांना शिव्या घालतात. यालाच ‘बोरीचा बार’ म्हणतात. कोकणातला शिमगाही शिवीला अशीच ठरलेली तिथी देतो.

१९/३०
या प्रथेत तीन गोष्टी दिसतात. दोन्ही बाजू एकमेकींना ओळखतात. वेळ आणि जागा ठरलेली असते. आणि या काठाने जे दिले, ते त्या काठाला परत देता येते. आजींचा ‘मेल्या’, कोल्हापूरचा मित्र, नागपूरचा ‘बे’ यांना हीच कसोटी लावा. ओळख, प्रसंग, परतफेड. तिन्ही असतील तर शब्द कितीही ओबडधोबड असो, नाते शाबूत राहते.

२०/३०
इथे एक रास्त आक्षेप येईल आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोल्हापुरी मिठीतल्या त्या शब्दात ‘रांड’ आहे. संस्कृत ‘रण्डा’पासून आलेल्या या शब्दाचा एक अर्थ विधवा. ‘रंडकी’ हा शब्द खेड्यांत विधवेसाठी आजही ऐकू येतो. दोन पुरुषांची परतफेड बरोबरीची झाली, पण ज्या बाईच्या नावाने ती चालते तिला कुणी विचारले? ‘च्यायला’ आणि ‘साल्या’ यांचाही हिशेब असाच घरातल्या बाईच्या खात्यावर पडतो.

२१/३०
याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला : बांगड्या फोडणे नाही, कुंकू पुसणे नाही, मंगळसूत्र तोडणे नाही. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. प्रथा ठरावाने थांबवता येते. शब्द तसा थांबत नाही, त्यातील बाई दिसू लागली की तो आपोआप जड होतो. तो जड व्हावा, असेच माझे मत आहे. मायेची शिवी पवित्र आहे असा माझा दावा नाही.

२२/३०
आता दुसरी जात पाहू. या शब्दांत ग्राम्य काही नसते. ‘घाटी’ म्हणजे घाटावरचा, साधा भूगोल. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीचा कोकणी आणि सातारा-कोल्हापूरकडचा घाटावरचा एकाच खात्यात राबत. तिथून हा शब्द शहरभर गेला आणि ‘अडाणी, गावंढळ मराठी माणूस’ असा त्याचा अर्थ पक्का झाला. पुढे ज्या कोकणी माणसाने तो घाटावरच्यासाठी वापरला, त्यालाच इतरांनी घाटी म्हटले.

२३/३०
‘रामा’चेही तेच. सधन घरांत भांडी-केर-पाणी करणाऱ्या कोकणी-घाटी गड्याला, त्याचे नाव काहीही असो, ‘रामा’ म्हणण्याची मुंबईत रीत होती. प्रत्यक्ष देवाचे नाव, पण ते घेतल्याने समोरच्याचे नाव पुसले जाई. हवालदाराला ‘पांडू’ म्हणणे याच वळणावरचे. दादा कोंडके यांच्या १९७५ सालच्या चित्रपटाने तो पांडू लाडका केला, तरी चौकात उन्हात उभ्या असलेल्या पोलिसाला तो लाड वाटतो असे नाही.

२४/३०
आणि ‘भय्या’. हिंदीत थोरला भाऊ. मुंबईच्या तबेल्यांत गाई-म्हशी राखणारे, दारोदार दूध घालणारे उत्तरेकडचे लोक एकमेकांना भय्या म्हणत, म्हणून शहर त्यांना भय्या म्हणू लागले. १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली, शहरातील म्हशी तिकडे हलवल्या जाऊ लागल्या आणि उपनगराची सकाळ याच हाकेने होऊ लागली. ‘भाऊ’ या अर्थाच्या शब्दाला तुच्छतेचा वास कधी लागला, याची तारीख कुणाला सांगता येणार नाही. लागला, हे मात्र आमच्या सभेत सर्वांना ठाऊक होते.

२५/३०
‘भामटा’ हा शब्द आपण मुलांच्या गोष्टींतही निर्धास्त वापरतो. वस्तुतः ते एका समाजाचे नाव आहे आणि राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत ते आजही वाचता येते. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याचा पायंडा पाडला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या. कायद्याने शिक्का पुसला, शब्दकोशाने तो राखला. आता त्या समाजातील शाळकरी मुलीने ‘लबाड भामटा’ असलेला धडा मोठ्याने वाचावा, अशी कल्पना करून पाहा.

२६/३०
शब्दावाचूनचा अपमान काय करू शकतो, हे घाटकोपरने पाहिले आहे. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर उतरले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि १० माणसे मेली. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट इथूनच सुरू होतो. त्या हारात एकही शिवी नव्हती. अमुक माणसे कोण आहेत, त्यांची जागा कोणती, एवढेच तो हार सांगत होता.

२७/३०
म्हणूनच अनुसूचित जाती-जमातींसाठीचा १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा शब्दाचा ओंगळपणा मोजत नाही. लोकांच्या देखत, मानहानीच्या हेतूने केलेला अपमान तो पाहतो. जातीचे नाव घेऊन केलेली मानखंडना हा त्यात गुन्हा आहे. ‘घाटी’ किंवा ‘भय्या’ म्हणवून घेणाऱ्याला इतकी थेट ढाल नाही. तिथे आपला विवेक हाच कायदा.

२८/३०
उपनगरांना हा प्रश्न अधिक का भेडसावतो? अंधेरी आणि घाटकोपर १९५०च्या, बोरिवली आणि मुलुंड १९५७च्या हद्दवाढीत बृहन्मुंबईत आले. आधीच्या गावठाणांभोवती चाळी, म्हाडा वसाहती, मनोरे उठले. शिव्यांचे सगळे नकाशे इथे एकाच जिन्यावर येऊन पडले. यावर शाळेने आणि सोसायटीने सोपा तोडगा काढला : बोलीतले सारे असभ्य, प्रमाण तेवढे सभ्य. परिणाम असा की नातवंडांना आजीची शिवी कळेनाशी झाली आणि ‘घाटी’ मात्र शुद्ध मराठीत, इंग्रजीत, हिंदीत बिनचूक म्हणता येऊ लागले.

२९/३०
माझे म्हणणे थोडक्यात असे. शब्द सभ्य की असभ्य हे विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हा शब्द माणसाच्या वागण्याला लागतो की जन्माला? बोलणारा आणि ऐकणारा एका पायरीवर उभे आहेत काय? ऐकणारा तोच शब्द हसत परत करू शकेल काय? भिंतीवर चढलेला मुलगा खाली उतरला की ‘मेल्या’ संपतो. घाटावरचा माणूस मात्र कुठून उतरणार? पहारेकऱ्यांनी त्या ज्येष्ठांना उलट काय म्हणावे, आणि म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी राहिली असती काय?

३०/३०
आजी आता नाहीत. भिंतीवरचा तो मुलगा महाविद्यालयात जातो. परवा जिन्यात म्हणाला, “काका, मला मेल्या म्हणणारं कुणी उरलं नाही.” पहारेकरी अजून आहेत. त्या सभेविषयी मी त्यांची माफी उशिरा मागितली. ते “जाने दीजिए” म्हणाले, यापलीकडे काही नाही. जपानचा तो नकाशा लोकांच्या उत्तरांतून तयार झाला होता. आपला नकाशाही तसाच होईल. तुमच्या गावी मायेने घातली जाणारी शिवी खाली लिहा. सोबत कोण, कुणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हणतो तेही लिहा. आणि जो शब्द तुम्हाला लागला, पण सभ्य म्हणून सगळे हसले, तोही अवश्य लिहा.